सेवा करणाऱ्या हातांचे मन

सकाळी आठच्या सुमारास दाराची घंटा वाजते. रात्रपाळीची मदतनीस पिशवी खांद्याला अडकवून निघण्याच्या तयारीत असते. दिवसपाळीची हातपाय धुऊन आत येते. पलंगावर आपली आई असते, वडील असतात, किंवा कदाचित आपण स्वतःच असता. त्या दोघींमध्ये दोन-चार वाक्ये होतात. रात्री झोप लागली का, लघवीला किती वेळा नेले, खोकला वाढला का. पुढचा सबंध दिवस या दोन-चार वाक्यांवर उभा असतो. त्या वेळी आपण बहुधा दूध तापवण्यात, डबा भरण्यात किंवा वर्तमानपत्रात गुंतलेले असतो.

'नेतृत्व', 'कर्मचाऱ्यांची प्रेरणा' असे शब्द ऐकले की आपल्या डोळ्यांपुढे मोठ्या कंपन्यांच्या इमारती येतात. परंतु ज्या घरात रुग्णाच्या सेवेसाठी पगारी माणूस येऊ लागते, ते घर त्या दिवसापासून कुणाचे तरी कामाचे ठिकाण होते. त्या घरातील कर्ती व्यक्ती मग ते जाणो वा न जाणो, एका कर्मचाऱ्याची प्रमुख झालेली असते. कचेरीतील माणसाचे मन कामातून उडाले तर एखादी फाइल लांबणीवर पडते. आपल्या घरातील मदतनिसाचे मन उडाले तर आजोबांची कूस वेळेवर बदलली जात नाही, आजींच्या हातात पाण्याचा पेला दिला जातो पण त्या प्यायल्या की नाही हे पाहिले जात नाही. म्हणून हा प्रश्न व्यवस्थापनाचा जितका, तितकाच आरोग्याचा आहे.

एक फुटलेला कप

या विषयावर लिहिण्याचा अधिकार मला एका चुकीने दिला आहे, आणि ती चूक माझी आहे.

माझ्या आईच्या सेवेसाठी आमच्याकडे दिवसभर एक मावशी येत. हाताला हलक्या, बोलायला कमी. एके दिवशी त्यांच्या हातून एक कप फुटला. घरी पाहुणे होते. मी सर्वांसमोर त्यांना बरेच काही बोलले. कपाची किंमत क्षुल्लक होती. माझा त्या दिवसाचा शीण त्या कपावर निघाला. मी तो प्रसंग संध्याकाळपर्यंत विसरले.

पुढे काही महिन्यांनी आई कमोडच्या खुर्चीवरून घसरली. मावशींनी तिला उचलून पलंगावर निजवले. कुठे रक्त नव्हते, सूज नव्हती, आई बोलत होती. मावशी मला काही बोलल्या नाहीत. आईला रक्त पातळ ठेवणारे औषध सुरू होते. तिसऱ्या दिवशी ती सारखी झोपेत राहू लागली, शब्द अडखळू लागले. रुग्णालयात नेल्यावर कळले, की डोक्याच्या आत रक्तस्राव झाला आहे. शस्त्रक्रिया झाली, आई वाचली. पण पूर्वीसारखे चालणे पुन्हा आले नाही.

मी मावशींना विचारले, "त्याच दिवशी का नाही सांगितलंत?" त्या बराच वेळ खाली पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "ताई, कप फुटला तेव्हा तुम्ही चार माणसांत बोललात. इथं तर आजी पडल्या होत्या."

त्या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्यांनी लपवायला नको होते, हे खरेच. पण लपवणे शहाणपणाचे वाटावे अशी हवा घरात मी निर्माण केली होती.

पुढे वाचनात एक अभ्यास आला, आणि आमच्या घरातील घटनेचा अर्थ अधिक स्पष्ट झाला. हार्वर्ड विद्यापीठातील एमी एडमंडसन यांनी अमेरिकेतील दोन रुग्णालयांमध्ये परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला. तो १९९६ साली प्रसिद्ध झाला. औषधे देताना होणाऱ्या चुका त्या मोजत होत्या. जेथे प्रमुख चांगली आणि आपसांतील संबंध चांगले, तेथे चुका कमी असतील, अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले. चांगल्या गटांत नोंदलेल्या चुका अधिक होत्या. अधिक खोलात गेल्यावर उलगडा झाला, की त्या गटांत चूक झाली तर ती बोलून दाखवता येत होती. जेथे प्रमुखाचा धाक होता, तेथे चुका होत होत्या आणि पुरल्या जात होत्या.

आपल्या घरी येणारी मदतनीस कधीच काही चुकले असे सांगत नसेल, तर त्यात समाधान मानण्यापूर्वी क्षणभर थांबावे. तिच्या हातून काही चुकत नाही, की आपल्याला काही सांगण्याची तिला भीती वाटते?

आधी न्याय, मग कौतुक

माणसाला कामात गोडी कशाने वाटते, याचा शोध अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० अभियंते व हिशेबनीस यांच्या मुलाखतींवर आधारलेले त्यांचे पुस्तक १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : पगार, कामाची परिस्थिती, वरिष्ठांची वागणूक या गोष्टी वाईट असतील तर माणूस नाराज होतो; मात्र त्या ठीक केल्याने नाराजी जाते, एवढेच. गोडी येते ती काम तडीस गेल्याच्या समाधानातून, कुणी त्याची दखल घेतल्यातून, जबाबदारी सोपवली गेल्यातून. ही विभागणी इतकी काटेकोर नसते, असे आक्षेप पुढे अनेक अभ्यासकांनी घेतले. तरीही एक क्रम त्यातून घेण्यासारखा आहे. पाया खचलेला असेल तर कौतुकाची रंगरंगोटी टिकत नाही.

तेव्हा आधी पाया पाहू. पगाराची तारीख ठरलेली आहे का, आणि ती पाळली जाते का? मदतनीस ब्युरोमार्फत येत असेल, तर आपण देतो त्यातील किती रक्कम तिच्या हाती पडते, हे आपण कधी विचारले आहे का? आठवड्याची सुट्टी ठरली आहे, की 'बघू, पुढच्या आठवड्यात' असे दर वेळी म्हटले जाते? आजारपणाच्या दिवसाचा खाडा धरायचा की नाही, हे आधी बोलून झाले आहे का? चोवीस तासांच्या कामावर असलेल्या बाईला सलग किती तास झोप मिळते? रुग्ण रात्रीतून पाच वेळा उठत असेल, तर ती पाच वेळा उठते, आणि सकाळी सहाला आपण तिच्याकडून ताज्या चेहऱ्याची अपेक्षा करतो.

घरकाम करणाऱ्यांच्या हक्कांविषयी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ मध्ये जो करार संमत केला, त्यात आठवड्यातून किमान सलग २४ तासांची विश्रांती सांगितली आहे. महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे आणि १८ ते ६० वर्षे वयाच्या घरकामगारांना मंडळाकडे नोंदणी करता येते. आपल्या घरच्या बाईला याची माहिती करून देणे आणि नोंदणीच्या कामासाठी तिला अर्धा दिवस मोकळा देणे, हेही प्रमुखाचेच काम.

येथे एका गोड शब्दापासून सावध राहावे लागते. 'ती आमच्या घरातलीच आहे' असे आपण कौतुकाने म्हणतो. पण घरातल्या माणसाचा चहाचा कप वेगळा नसतो, तो खिडकीच्या कट्ट्यावर पालथा घातलेला नसतो. घरातल्या माणसाला दुपारी पाठ टेकायला जागा असते. आणि 'घरातलीच' म्हणून सुट्टी मागू नये, पगारवाढ काढू नये, असा अर्थ त्या शब्दात दडलेला असेल, तर ते प्रेम नव्हे, सोय आहे. आपुलकी जरूर असावी. मात्र ती मोबदल्याच्या वर असावी, मोबदल्याच्या जागी नव्हे.

एक मदतनीस, चार मालक

अनेक घरांत मदतनीस काम सोडून जाते ते कष्टांमुळे नव्हे, तर आज्ञांच्या गोंधळामुळे. सून सांगते, बाबांना अकरा वाजता आंघोळ घाला. मुलगा म्हणतो, आज थंडी आहे, अंग पुसून घ्या. बाबा स्वतः म्हणतात, मला आत्ता काहीच नको. परदेशातील मुलगी रात्री मोबाइलवर चेहरा दाखवून विचारते, आज आंघोळ का नाही घातली? उत्तर देण्याची वेळ येते ती मात्र ज्या बाईने कोणताच निर्णय घेतला नव्हता तिच्यावर.

म्हणून कुटुंबाने आपसांत ठरवावे, की सूचना एकाच व्यक्तीकडून जातील. बाकीच्यांनी आपले म्हणणे त्या व्यक्तीला सांगावे. दूर असलेल्या मुलामुलींची काळजी खरी असते. ती काळजी प्रश्नांच्या फैरीतून व्यक्त न होता 'मावशी, आज तुमचा दिवस कसा गेला?' या एका वाक्याने सुरू झाली, तर पलीकडून माहितीही अधिक मिळते.

रुग्णाच्या उशाशी एक साधी नोंदवही ठेवावी. खाणे, पाणी, लघवी, शौच, औषधे, झोप आणि 'वेगळे काही' असे रकाने पुरेत. लिहिणे अवघड वाटत असेल तर खुणा कराव्यात, किंवा संध्याकाळी तिने सांगावे आणि आपण लिहावे. वही तपासणीसाठी नाही, हे तिला शब्दांत सांगावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वागण्यातून दाखवावे. डॉक्टरांकडे जाताना ती वही बरोबर न्यावी, आणि शक्य असेल तर वही भरणारीलाही न्यावे. दिवसाचे बारा तास जी रुग्णाजवळ असते, तिच्याकडे वळून डॉक्टरांनी एकदा 'तुम्हाला काय वाटतं?' असे विचारले, तर तिची मान किती ताठ होते, हे पाहण्यासारखे असते.

खोलीत कॅमेरा बसवला असेल, तर तो आहे हे तिला पहिल्याच दिवशी सांगावे. रुग्णाचे कपडे बदलताना दोघांचीही लाज राखली जाईल अशी त्याची दिशा असावी. कॅमेऱ्याने हालचाल दिसते. आस्था दिसत नाही, आणि वाढत तर मुळीच नाही.

निर्णयाचा वाटा

नेदरलँड्समध्ये २००६ साली योस द ब्लॉक या परिचारकाने 'ब्यूर्टझोर्ग' नावाची संस्था सुरू केली. नावाचा अर्थ आपल्या भाषेत 'परिसरातील सेवा' असा होईल. वृद्धांना व रुग्णांना घरी जाऊन सेवा देणे, हे तिचे काम. त्यापूर्वी त्या देशात घरपोच सेवेचे तुकडे पाडले गेले होते : एकीने इंजेक्शन द्यायचे, दुसरीने आंघोळ घालायची, प्रत्येक कामाची मिनिटे ठरलेली. रुग्णाला सतत नवे चेहरे दिसत आणि परिचारिकांना वाटे की आपण केवळ घड्याळाचे काटे आहोत. नव्या संस्थेने जास्तीत जास्त १२ जणांचे छोटे गट केले आणि आपल्या रुग्णांचे वेळापत्रक, कामाची वाटणी, नव्या सहकाऱ्याची निवड हे सारे त्या गटांवर सोपवले. त्यांच्यावर नेहमीसारखा साहेब नाही. अडले तर सल्ला देणारे मार्गदर्शक आहेत. चार जणांपासून सुरू झालेल्या या कामात आज हजारो परिचारिका आहेत.

तेथील परिचारिका प्रशिक्षित असतात, समाजव्यवस्था वेगळी असते. ती रीत आपल्या दोन खोल्यांच्या घरात जशीच्या तशी आणता येणार नाही. मात्र तिचे बीज आणता येते. काय करायचे, हे आपण आणि डॉक्टरांनी ठरवावे. कसे करायचे, यातील शक्य तेवढा भाग करणाऱ्यावर सोडावा. औषधाची मात्रा आणि वेळ यांत तडजोड नाही. पण आंघोळ आधी की न्याहारी आधी, पलंग भिंतीला टेकवावा की दोन्ही बाजूंनी मोकळा ठेवावा, आजोबांना खुर्चीत कधी बसवावे, हे तिला विचारून ठरवले तर बहुधा अधिक सोयीचे ठरते. पलंगाची उंची दोन इंचांनी कमी-जास्त झाली तर कोणाची कंबर वाचते, हे पलंगाशेजारी वाकणाऱ्यालाच कळते.

निर्णयाचा वाटा देताना ज्ञानाचाही वाटा द्यावा. 'दर दोन तासांनी कूस बदला' ही आज्ञा झाली. 'एका जागी भार राहिला की तेथील त्वचेला रक्त मिळत नाही. माकडहाड, टाचा, नितंबाची हाडे येथे त्वचेचा रंग बदलला आणि बोटाने दाबूनही तो पूर्ववत झाला नाही, तर तेथे जखम सुरू होत आहे' हे सांगितले, तर तीच बाई दिवसातून तीनदा टाचा पाहते आणि आपल्याला बोलावून दाखवते. सावळ्या वर्णावर लाली पटकन दिसत नाही. तेव्हा तो भाग आजूबाजूपेक्षा काळपट, गरम किंवा कडक लागतो का, तेही पाहायला सांगावे. फिजिओथेरपिस्ट घरी येतील तेव्हा रुग्णाला उठवण्या-बसवण्याची योग्य रीत तिलाही शिकवायला सांगावे. त्यात रुग्णाची सुरक्षितता आहे आणि तिच्या पाठीचे रक्षणही.

आणि कौतुक करताना ते नेमके असावे. 'छान करता हो तुम्ही' हे वाक्य हवेत विरते. 'काल तुम्ही टाचेवरचा डाग वेळेवर दाखवलात, म्हणून जखम झाली नाही' हे वाक्य ती घरी जाऊन आपल्या मुलांना सांगते. दुरुस्ती मात्र एकांतात, शांतपणे, आणि त्या कामापुरतीच असावी. पहिल्याच दिवशी एक वाक्य स्वच्छ शब्दांत सांगून ठेवावे : "रुग्ण पडला, औषध चुकले, काही सांडले, फुटले, तर लगेच सांगा. सांगितल्याबद्दल या घरात कुणी बोलणार नाही." आणि तसा प्रसंग आल्यावर हा शब्द पाळावा. तो एकदा मोडला, की पुन्हा त्यावर विश्वास बसायला फार काळ जातो.

संशयाचे सावट

स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णांच्या घरी एक विशेष कठीण प्रसंग वारंवार येतो. आजी स्वतःच कुठेतरी ठेवलेली अंगठी विसरतात आणि म्हणतात, "हिनेच घेतली." हा आजाराचा भाग आहे, स्वभावाचा दोष नव्हे, तसाच तो मदतनिसाचाही गुन्हा नव्हे. असे घडू शकते, हे तिला कामाच्या आरंभीच सांगावे. मौल्यवान वस्तू आधीच मोजून कुलुपात ठेवाव्यात. त्याने दोन्ही बाजू निर्धास्त राहतात. आरोप झालाच तर आजींशी वाद न घालता वस्तू शोधू लागावे, आणि नंतर स्वयंपाकघरात जाऊन त्या बाईला सांगावे, की आमचा तुमच्यावर विश्वास आहे. रुग्ण अंगावर हात उगारत असेल, तर तेही सोसण्याचे काम पगारात धरलेले नाही, याची जाणीव ठेवावी; डॉक्टरांशी बोलून उपाय करावा. आपल्या माणसांच्या पाठीशी उभे राहणे, ही प्रमुखाची पहिली परीक्षा असते.

आणि आपण, ज्येष्ठ वाचकहो

आपण स्वतः अंथरुणावर असाल, तर वाटेल की यात आपला काय संबंध? परंतु घरातील सर्वांत जवळचे नेतृत्व आपल्याकडेच आहे. तिला नावाने किंवा नात्याने हाक मारावी. 'ए बाई' म्हणू नये. उचलताना दुखले तर रागावण्याआधी 'डाव्या खांद्याला दुखतं, उजवीकडून धर' असे सांगावे. जे आपल्याला जमते, मग ते तोंड पुसणे असो वा सदऱ्याची गुंडी लावणे असो, ते वेळ लागला तरी स्वतः करावे, आणि 'मला करू दे' असे तिला सांगावे. तिच्या मुलाची परीक्षा कधी आहे, गावी पाऊस झाला का, हे विचारायला शक्ती लागत नाही. दुसऱ्याच्या हातून स्वतःचे शरीर धुऊन घेणे सोपे नसते, हे खरे. पण दुसऱ्याचे शरीर धुणेही सोपे नसते. ही अडचण दोघांनी मिळून उचलली, तर ती पेलवते.

आमच्या घरी पुढे काय झाले, ते सांगून थांबते. मावशी गेल्या नाहीत. मीच त्यांना थांबा म्हटले. पाहुण्यांसमोर बोलले होते, म्हणून क्षमाही चार माणसांसमोर मागितली. त्यानंतर आई होती तोवर आमच्या नोंदवहीत 'वेगळे काही' हा रकाना क्वचितच रिकामा राहिला. "आज दूध उतू गेलं", "आजींची गोळी खाली पडली, दुसरी दिली", "उजव्या टाचेवर लाल". वाचताना मला दर वेळी हायसे वाटे. चुका थांबल्या नव्हत्या. त्या आता माझ्यापर्यंत वेळेवर पोचत होत्या.

उद्या सकाळी आठ वाजता घंटा वाजेल, तेव्हा हातातले काम क्षणभर बाजूला ठेवा. त्या दोघींच्या बोलण्यात आपणही जाऊन उभे राहा. जी निघाली आहे तिला विचारा, "रात्र कशी गेली?" आणि मग विचारा, "तुम्हाला झोप मिळाली का?"